ठाणं पायी, आपल्यापुरतं

ठाण्यात गाइड घेऊन पायी फिरायचं म्हटलं की ऐकणारा हमखास विचारतो, 'ठाण्यात बघायला आहे काय?' तलावपाळी, गडकरी रंगायतन, मामलेदारची मिसळ. चौथं नाव पटकन सुचत नाही. आणि विचारणारा बहुतेक वेळा ठाणेकरच असतो. खरं तर स्टेशनच्या पश्चिमेपासून कोर्ट नाक्यापर्यंतच्या पट्ट्यात, जो एरवी रिक्षानं दहा-पंधरा मिनिटांत मागे पडतो, कौपिनेश्वराचं देऊळ आहे, पोर्तुगीज काळातलं चर्च आहे, अग्यारी, जैन मंदिर, बेने इस्रायलींचं (कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं) सिनेगॉग, इंग्रजांचं चर्च आणि तुरुंग होऊन बसलेला किल्ला आहे. बघायला कमी आहे ही तक्रार त्यामुळे टिकत नाही. खरी अडचण अशी की यातलं बरंचसं दुकानांच्या पाट्या, उभ्या स्कूटरी आणि वाढदिवसाचे फ्लेक्स यांच्याआड गेलंय, आणि सगळंच एका सकाळी बघू म्हटलं तर संध्याकाळी त्यातलं काहीही आठवत नाही.

खासगी फेरीत गाइडला पैसे द्यायचे ते मुख्यतः वगळण्याचे. हे अनेकांना पटत नाही. पैसे मोजलेत तर जास्तीत जास्त ठिकाणं पदरात पडावीत असं वाटणं साहजिक आहे. पण हिशोब करून बघा. सकाळची फेरी अडीच तासांची, म्हणजे १५० मिनिटं. स्टेशन, कौपिनेश्वर, मासुंदा (म्हणजे तलावपाळीचा तलाव), टेंभी नाका, तुरुंगाचा परिसर, कोर्ट नाका आणि परत स्टेशन हे अंतर वळणं धरून साडेतीन-चार किलोमीटर भरतं. मोकळ्या रस्त्यावर माणूस तासाला चार-पाच किलोमीटर चालतो. जांभळी नाक्यावर तो तीनही चालत नाही. रस्ता ओलांडायलाच दोन-दोन मिनिटं जातात. म्हणजे चालण्यातच सत्तर-ऐंशी मिनिटं गेली. चहा आणि पाय टेकण्याला वीस. उरली पन्नास-साठ मिनिटं. एका जागी आठ ते दहा मिनिटं दिली तरच काही समजतं, त्याहून कमी म्हणजे नुसती हजेरी. तेव्हा थांबे सहा. ज्याच्या यादीत चौदा थांबे आहेत, तो गाइड एक तर धावतो किंवा चालत्या चालत्या बोलतो. ठाण्यात चालत्या चालत्या बोललेलं मागच्या माणसाला ऐकू येत नाही.

सार्वजनिक हेरिटेज वॉकमध्ये वीस-पंचवीस माणसं असतात, रविवारची सकाळ ठरलेली, बोलणंही ठरलेलं. ते स्वस्त पडतं आणि पहिल्यांदा फिरणाऱ्यासाठी वाईटही नसतं. खासगी फेरी दोन ते सहा जणांची. सहाच्या वर गेलात की गाइडला आवाज चढवावा लागतो, आणि चढवलेल्या आवाजात माणूस फक्त सनावळ्या सांगतो, शंका ऐकत नाही. कुटुंबात दहा जण असतील तर दोन सकाळी करा, किंवा सार्वजनिक वॉकला जा. खासगीचे पैसे देऊन सभा ऐकण्यात अर्थ नाही.

ही फेरी खरी घडते ती आदल्या आठवड्यातल्या फोनवर. चांगला गाइड पहिल्या पाच मिनिटांत स्वतःबद्दल बोलत नाही, तुम्हाला विचारतो. कोण कोण येणार, सगळ्यात वयस्कर कोण, सगळ्यात लहान कोण? आजींचे गुडघे कसे आहेत, पायरी उतरायला जास्त त्रास होतो की चढायला? (उतरताना होत असेल तर त्यांना सांगता येत नाही, त्या थांबतात, आणि मग सगळे थांबतात.) ठाण्यात कधी राहिला होतात का? राहिला असाल तर कुठल्या आळीत? जैन जेवण लागतं का? शंभर पायऱ्यांचा प्रश्न इथे येत नाही, पण फुटपाथची उंची येते. ठाण्यात जागोजागी ती गुडघ्याच्या अर्ध्यापर्यंत जाते आणि दर वीस पावलांवर दुकानाच्या उतारासाठी तुटते. चाकाची खुर्ची असेल तर हा रस्ता जमत नाही, असं स्पष्ट सांगणारा माणूस भरवशाचा. अशांसाठी मासुंद्याच्या काठची फेरी आणि पुढे गाडी, एवढंच खरं.

या उत्तरांवरून फेरी बदलते. नाटक-साहित्यात रस असलेल्या माणसासाठी १८९३ साली १ जूनला स्थापन झालेलं मराठी ग्रंथसंग्रहालय आणि १९७८ मध्ये सुरू झालेलं गडकरी रंगायतन यांना जोडणारी छोटी फेरी पुरते. किल्ला गाळला तरी चालतो. वास्तुकला शिकणाऱ्या मुलांना एकट्या टेंभी नाक्याचा परिसर दोन तास पुरतो. दहा वर्षांच्या मुलाला ताम्रपट नको असतो, त्याला कैद्याच्या पलायनाची गोष्ट हवी असते. ती ठाण्यात आहे, आणि फार चांगली आहे, पुढे सांगतो. सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे चाळीस वर्षांनी परतलेलं कुटुंब, ज्यांना नौपाड्यातला किंवा चरईतला आपला वाडा बघायचा असतो. इथे गाइडनं फेरीच्या दोन दिवस आधी स्वतः जाऊन यायलाच हवं. पुनर्विकासाच्या वेगात 'मागच्या महिन्यात उभा होता' या वाक्याला काही किंमत नाही. पत्र्याच्या कुंपणासमोर पाहुण्यांना नेऊन उभं करण्यापेक्षा आधी फोन करून सांगावं, आणि त्यांनी यायचं की नाही ते ठरवावं.

आता वार आणि वेळ. बहुतेक फेऱ्या इथेच बिघडतात.

टेंभी नाक्याजवळचं शार हाशामाईम सिनेगॉग १८७९ सालचं. ठाण्यात बेने इस्रायलींची वस्ती मोठी आहे. घरातली भाषा मराठी, आडनावं पेणकर, नागावकर, अशी कोकणातल्या गावांवरून आलेली. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी सूर्यास्तापर्यंत त्यांचा शब्बाथ. कोकणात तेलाचे घाणे चालवायचे तेव्हा शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. तेव्हा शनिवारची फेरी ठरवून 'सिनेगॉग आतून दाखवा' म्हणणं म्हणजे कुणाच्या तरी प्रार्थनेत घुसणं. एरवीही आत जाणं विश्वस्तांच्या परवानगीवर असतं. २००८च्या मुंबई हल्ल्यानंतर सुरक्षेचं काटेकोर झालंय, त्यामुळे प्रत्येकाच्या ओळखपत्राची प्रत आधी पाठवावी लागते आणि ऐन वेळी वाढलेला पाहुणा बाहेर राहतो. चार-पाच दिवस आधी विचारलं तर निदान हो किंवा नाही तरी कळतं. पुरुषांनी डोकं झाकायचं. टोपी नसेल तर मोठा रुमाल खिशात असावा. नशीब चांगलं असेल आणि कुणी जाणतं भेटलं तर मलिद्याबद्दल जरूर विचारा. गोड पोहे, ओलं खोबरं आणि फळं यांचं ते ताट, एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावानं. कोकणातल्या कुठल्याही घरात ओळखीचं वाटेल असं.

तिथून जवळच पटेल अग्यारी आहे, १७८०ची. पारशी नसलेल्याला आत प्रवेश नाही, त्यामुळे हा थांबा बाहेरून आणि तीन मिनिटांचा. फाटकात रेंगाळून आत डोकावण्यात काही मजा नाही, आणि आतल्या माणसालाही ते आवडत नाही. त्याउलट मुनिसुव्रत स्वामींच्या जैन मंदिरात वेळ द्यावा. कोकण शत्रुंजय म्हणून ते ओळखलं जातं, आणि श्रीपाळ राजा आणि मयणासुंदरीच्या कथेमुळे त्याचा ठाण्याशी संबंध जोडतात. चामड्याचा पट्टा आणि पाकीट बाहेर ठेवावं लागतं. सहा जणांची पाकिटं कुणाच्या हवाली करायची हे आधी ठरलेलं नसलं की फाटकातच दहा मिनिटं मोडतात. कापडी पिशवी आणावी, गाइडनं ती धरावी. चैत्र आणि आश्विनातल्या ओळीच्या (नऊ दिवसांच्या जैन व्रताच्या) दिवसांत इथे आयंबिल, म्हणजे एकवेळचं बेचव जेवण, करणाऱ्यांची गर्दी असते, तेव्हा पाहुणे नेऊ नयेत.

आश्विनात तर टेंभी नाका पूर्णच सोडून द्यावा. नवरात्रात तिथल्या देवीसाठी रस्ते वळवले जातात आणि संध्याकाळी उभं राहायला जागा नसते. ते बघायचं असेल तर त्यासाठीच जावं, इतिहास ऐकायला नव्हे. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र कौपिनेश्वरासाठी असंच. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा कौपिनेश्वराच्या दारातून निघते. त्या सकाळी खासगी फेरी घेणारा गाइड एक तर नवखा किंवा फार धीट. सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चमध्ये रविवारची सकाळ मिस्सांची असते, त्यामुळे रविवारी तिथे आत जायचं तर दोन मिस्सांच्या मधली वेळ विचारून ठेवायची. सगळं धरून बघितलं तर मंगळवार ते गुरुवार हे दिवस उत्तम, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम, आणि सकाळी सात ही वेळ उत्तम. साडेनऊपर्यंत ऑफिसची गर्दी स्टेशनकडे उलटी वाहत असते, आणि साडेदहानंतर ऊन अंगावर येतं. नोकरदाराला शनिवार-रविवारच मोकळा असतो, हे मान्य. मग रविवार घ्या आणि चर्चची वेळ सांभाळा.

सुरुवात स्टेशनवर करावी की नाही यावर गाइडांमध्ये दोन पक्ष आहेत. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ठाण्यात आली. साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, चौदा डबे, चारशेच्या आसपास निमंत्रित, चौतीस किलोमीटर. ही गोष्ट सांगायला फलाटासारखी जागा नाही असं एका पक्षाला वाटतं. त्यात तथ्य आहे, पण सकाळी सात वाजता ठाणे स्टेशनच्या फलाटावर सहा माणसांनी गोल करून उभं राहणं हा गुन्हाच मानला पाहिजे. शिवाय प्रत्येकी दहा रुपयांचं फलाट तिकीट लागतं, ते दोन तासच चालतं, आणि त्या दिवसाचं दाखवण्यासारखं आज तिथे फारसं काही राहिलेलं नाही. बाहेर यावं, सॅटिसच्या, म्हणजे स्टेशनसमोरच्या बसच्या पुलाखालचा गोंधळ ओलांडावा आणि ही गोष्ट तलावाच्या कठड्यापाशी निवांत सांगावी. जागेवर उभं राहूनच बोललं पाहिजे हा आग्रह गाइडांनी सोडला तर निम्मी दमछाक वाचेल. बोलायची जागा म्हणजे सावली, रुंद फुटपाथ आणि शेजारी बसचा थांबा नसणं.

मासुंदा आणि कौपिनेश्वर एकत्र घ्यावेत, कारण देवळाची गोष्ट तलावाशिवाय सांगता येत नाही. शिवलिंग तलावात सापडलं असं सांगतात. आजचं देऊळ १७६०च्या सुमारास कोकणचे सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी बांधवून घेतलं. वसईच्या मोहिमेत साष्टी (ठाणं ज्यात येतं ते बेट) पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आली त्याला तेव्हा वीस-बावीस वर्षं झाली होती. गाभाऱ्यातलं लिंग एवढं मोठं आहे की पहिल्यांदा बघणारा जरा मागे सरतो. इथे बहुतेक गाइड 'शिलाहारकालीन मंदिर' म्हणून मोकळे होतात. ते सैल विधान आहे. शिलाहारांची, म्हणजे कोकणच्या मध्ययुगीन राजघराण्याची, राजवट होती, श्रीस्थानक, म्हणजे जुनं ठाणं, हे त्यांचं मोठं नगर होतं, शिवभक्ती होती, जागा जुनी आहे. पण डोळ्यांपुढची इमारत पेशवाईतली आणि नंतरच्या दुरुस्त्यांची. हे तीन वाक्यांत वेगळं करून सांगता आलं पाहिजे.

आणि शिलाहारांचा पुरावा हवाच असेल तर तो देवळात नाही, किल्ल्यात सापडला. १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात पाया खणताना ताम्रपट मिळाले. अरिकेसरी राजाचं दान, शके ९३९, म्हणजे इसवी सन १०१७. त्यात श्रीस्थानक हे नाव येतं. भारतात सापडलेल्या ताम्रपटांवर इंग्रज विद्वानांनी लिहायला सुरुवात केली तेव्हाच्या अगदी पहिल्या काहींमधला हा. तुरुंगाच्या भिंतीपाशी पोचल्यावर गाइड हे सांगतो का, यावरून तो किती वाचतो ते कळतं. त्याच्याकडे फोटो असेल तर कागदावरचा असावा. उन्हात मोबाइलच्या पडद्यावर सहा डोकी वाकतात आणि दिसत काहीच नाही. ए-चार आकाराच्या, लॅमिनेट केलेल्या सहा-सात पानांची फाइल पुरते: एक जुना नकाशा, एक आजचा, ताम्रपट, किल्ल्याचा आराखडा. लॅमिनेशन चकाकतं, म्हणून मॅट घ्यावं. आणि पावसाळ्यात हीच फाइल डोक्यावर धरता येते.

किल्ल्याचा परिसर हा या फेरीचा गाभा. इथे पंधरा-वीस मिनिटं द्यायला हवीत, बाकी कुठेतरी कापून. पोर्तुगीजांनी १७३०च्या दशकात किल्ला बांधायला घेतला आणि तो पुरा व्हायच्या आत, १७३७ मध्ये, मराठ्यांनी घेतला. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी वेढा घालून तो जिंकला. त्या वेढ्यात त्यांचा आरमारी अधिकारी जॉन वॉटसन जबर जखमी होऊन मेला. १७८२च्या सालबाईच्या तहानं साष्टी इंग्रजांकडेच राहिली. किल्ल्याचा पुढे तुरुंग झाला आणि आजही तो मध्यवर्ती कारागृह आहे. २ मे १८४८ रोजी राघोजी भांगरे यांना इथे फाशी दिलं. १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना, नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधासाठी. आत जाता येत नाही, भिंतीचे आणि फाटकाचे फोटो काढायचे नाहीत. पाहुण्यांना हे तिथे पोचण्याआधी सांगावं. पोचल्यावर सांगितलं तर कुणीतरी काढलेला असतो, आणि मग पहाऱ्यावरच्या शिपायाशी बोलण्यात तुमची वीस मिनिटं जातात.

आता ती गोष्ट. पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे, गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनानंतर १८१५ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आले आणि ठाण्याच्या किल्ल्यात कैदेत पडले. पहाऱ्याला गोरे शिपाई ठेवले होते, म्हणजे कुणाशी मराठीत बोलून फितवता येऊ नये. तोच बंदोबस्त उलटला असं सांगतात. एका गोऱ्या अधिकाऱ्याचा मोतद्दार, म्हणजे घोडेवाला, रोज खिडकीखाली घोड्याला खरारा करत गाणं म्हणायचा. गाणं मराठीत, पहारेकऱ्यांना त्यातलं अक्षर कळेना, आणि पळण्याचा बेत त्या गाण्यातच होता. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी भिंतीवरून उतरून गेले. पलायन कागदोपत्री पक्कं आहे. गाण्याची गोष्ट मात्र ऐकीव, आणि ती लिहून ठेवणाऱ्यांमध्ये कलकत्त्याचे बिशप हेबर आहेत. ते १८२५ साली इकडे आले होते. ते कशाला आले होते? तुरुंगाच्या परिसराजवळ सेंट जेम्स चर्च आहे ना, ते त्यांच्याच हस्ते, त्याच १८२५ साली पवित्र करण्यात आलं. चर्च आणि पलायन यांचा हा धागा जोडून दाखवणारा गाइड मिळाला तर त्याला सोडू नका. नुसतं 'हे चर्च, १८२५' एवढं तर फलकही सांगतो, आणि फुकट.

पलायन पक्कं, गाणं ऐकीव: एवढा एकच भेद फेरीभर टिकवणं हे गाइडच्या कामातलं सगळ्यात अवघड. लोकांना भुयार हवं असतं. प्रत्येक किल्ल्याखालून एक भुयार दुसऱ्या किल्ल्यापर्यंत जातं आणि आता ते सरकारनं बंद केलंय. ठाण्याच्या खाडीखालून भुयार काढायला शिलाहारांकडे काय यंत्रणा होती, हे विचारायचा धीर फार थोड्यांना होतो. खासगी फेरीत तो करावा, त्यासाठीच ती असते. 'हे कुठे लिहिलंय?' असं साधं विचारायचं. जो 'गॅझेटियरमध्ये आहे', 'ताम्रपटात आहे' किंवा 'हे इथले लोक सांगतात, लिहिलेलं मला सापडलं नाही' यातलं एक उत्तर देतो तो जाणता. जो चिडतो त्याच्याबरोबर पुढची सकाळ घालवू नये. ठाण्याच्या तळ्यांचा आकडा हा चांगला मासला आहे. एके काळी साठ तळी होती म्हणतात, आता पस्तीसच्या आसपास मोजतात, आणि कोण कशाला तळं धरतो यावर दोन्ही आकडे हलतात. एवढं सांगितलं तरी पाहुण्याला राग येत नाही, उलट त्याचा पुढच्या गोष्टीवर विश्वास बसतो.

बाकीच्या बारीक गोष्टी. पायांत काढता-घालता येतील असे बूट हवेत. देऊळ आणि जैन मंदिर धरून ते किमान दोनदा उतरतात, आणि लेसवाल्या एका माणसासाठी पाच जण उन्हात उभे राहतात. मोजे घाला, दुपारकडे फरशी तापते. प्रत्येकी पाऊण लिटर पाणी. स्वच्छतागृहाचा प्रश्न फोनवरच सोडवावा, विशेषतः बरोबर बायका आणि वयस्कर माणसं असतील तेव्हा. चहाचा थांबा त्यामुळेच साध्या टपरीवर न घेता जिथे आत बसायला आहे अशा हॉटेलात घ्यायचा, आणि तो फेरीच्या मध्यावर, शेवटी नव्हे. मिसळ मात्र शेवटी. मामलेदार कचेरीजवळची ती तर्री पहिल्या तासात पोटात गेली की पुढच्या दीड तासात कुणाचं लक्ष शिलाहारांकडे राहत नाही. सुट्टीच्या दिवशी तिथे रांग असते, तो वेळ अडीच तासांत धरू नका. आणि पहिल्यांदा जाणाऱ्यानं मध्यम सांगावी. ठाणेकर मित्र सोबत आहे म्हणून तिखट मागवण्यात काही पुरुषार्थ नाही.

पैशांचं बोलणं आपल्याकडे शेवटपर्यंत टाळलं जातं आणि मग दोघंही अवघडतात. दर माणशी की गटाचा, ते पहिल्याच फोनवर विचारा. खासगी फेरीचा दर गटाचाच असणं योग्य, कारण दोन जण असोत की सहा, गाइडची सकाळ तेवढीच जाते. चहा-नाश्ता कुणाकडे, देवळा-चर्चच्या पेटीत टाकायचे पैसे कुणाचे (पाहुण्यांचे, आणि ते टाकावेत, आतून दाखवायला माणूस दार उघडून देतो), वेळ वाढली तर काय, आणि पावसानं रद्द झाली तर आगाऊ रकमेचं काय, हे चार प्रश्न व्हॉट्सॲपवर लेखी आले की पुढे कटकट नाही. जून ते सप्टेंबर फेरी ठेवायचीच असेल तर बदली तारीख आधीच ठरवा. जोराच्या पावसात ठाण्याच्या रस्त्यावर सहा छत्र्या एकत्र चालू शकत नाहीत, आणि झाकण दिसत नसलेल्या पाण्यात पाय टाकायचा नसतो. पर्यटन खात्याचं प्रशिक्षण किंवा प्रमाणपत्र आहे का, तेही विचारावं. त्यानं ज्ञान सिद्ध होत नाही, पण जबाबदारी घेणारा माणूस आहे एवढं कळतं. आणि घासाघीस करायची असेल तर वेळेवर करा, दरावर नको. 'दोन तासांचीच घेऊ, चार थांबे करू' यात कुणाचा अपमान होत नाही आणि फेरी बहुधा सुधारते.

पूर्वेकडचं चेंदणी या सकाळीत बसवू नये. बरेच जण शेवटी 'आता खाडीही बघून घेऊ' म्हणतात आणि थकलेल्या पायांनी पूल ओलांडतात. चेंदणी कोळीवाडा रुळांच्या दोन्ही बाजूंना आहे, रेल्वे त्याच्या मधून गेली. पूर्वेला मीठबंदराचा रस्ता थेट खाडीकडे जातो. त्याला वेगळा दिवस द्यावा, दीड-दोन तास पुरतात, आणि गाइड तिथलाच असला तर बरं. कोळीवाडा ही लोकांची घरं आहेत. दारात मासळी निवडणाऱ्या मावशींचा फोटो न विचारता काढला तर जे ऐकावं लागेल त्यात गाइड मध्ये पडणार नाही, आणि पडूही नये. नारळी पौर्णिमेला पाहुणे म्हणून गेलात तर चालतं, पण तेव्हा माहिती सांगायला कुणाला सवड नसते.

खाडीची वेळ पंचांगावरून काढायची, घड्याळावरून नाही. कोळ्यांचा हिशोब सोपा आहे: तिथीला पाऊणपट करा, भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, दशमीला साडेसातच्या. तीच भरती बारा-साडेबारा तासांनी पुन्हा. ठाणं खाडीच्या आतल्या टोकाला आहे, त्यामुळे पाणी इथे थोडं उशिरा पोचतं. पौर्णिमेला किंवा अमावास्येला सकाळी सहा-सातला गेलात तर समोर नुसता चिखल आणि त्याचा वास. चिखलात टिपणारे पक्षी बघायचे असतील तर मात्र हीच वेळ. सकाळी काठाशी पाणी हवं असेल तर अष्टमी ते दशमी धरा. फक्त तेव्हा भांग, म्हणजे कमी जोराची भरती, असतो, पाणी अर्धवटच चढतं. उधाणाचं पाणी बघायचं तर पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बारा-साडेबाराला जावं लागतं, आणि त्या उन्हात फेरी एका तासाच्या वर ठेवू नये.